छत कशाचे आहे?

मे महिन्यात, आणि दुपारपेक्षा रात्री उशिराच अधिक वेळा, सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एक ठरावीक दृश्य दिसते. सत्तरीच्या आजी स्ट्रेचरवर असतात. अंग तव्यासारखे तापलेले, त्वचा कोरडी, डोळे अर्धवट उघडे. हाक मारली तर भलतेच उत्तर येते. थर्मामीटर १०६ फॅरनहाइट, म्हणजे ४१ अंश सेल्सिअस दाखवतो. डॉक्टर ‘उष्माघात’ म्हणतात तेव्हा सोबत आलेला मुलगा चक्रावतो. ‘‘डॉक्टर, आई उन्हात गेलीच नव्हती हो. चार दिवसांत घराबाहेर पाऊल नाही टाकलं तिनं.’’ तो खोटे बोलत नसतो. अशा वेळी जुनेजाणते डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतात, जो केसपेपरवर छापलेला नसतो: घराचे छत कशाचे आहे?

उष्माघात दोन वाटांनी येतो. एक वाट सगळ्यांच्या परिचयाची आहे. भर उन्हात राबणारा शेतमजूर, स्लॅब टाकणारे कामगार, भरतीसाठी धावणारी तरुण पोरे. तिथे शरीर स्वतःच्या श्रमाने तापते आणि वरून ऊन असते. दुसरी वाट घरातून जाते आणि ती हळू असते. दोन-तीन दिवस, दोन-तीन रात्री घेते. तिच्यावर सापडतात ती वृद्ध माणसे, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, तान्ही मुले, मधुमेही आणि हृदयरोगी. वयाबरोबर घामाच्या ग्रंथी मंदावतात, तहान कळेनाशी होते. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधे यात भर घालतात. (म्हणून ती मनाने बंद करायची नसतात, उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे डॉक्टरांना विचारायचे असते.)

घर आणि मृत्यू यांचा हा संबंध अंदाजाने जोडलेला नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५ हजार जादा मृत्यू झाले. घरी राहणाऱ्या वृद्धांपैकी कोण दगावले आणि कोण वाचले, याची तिथल्या संशोधकांनी नंतर तुलना केली. घराशी निगडित दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: घराला उष्णतारोधक थर नसणे आणि सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट छताखाली झोपणे. १९९५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात ७०० हून अधिक बळी गेले, तिथेही वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका जास्त असल्याचे आढळले. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत मे २०१० मध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त नोंदले गेले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छते पांढरी करण्याचे काम त्यात आले. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

आता छत नेमके करते काय, ते पाहू. मे महिन्यातल्या दुपारी एका चौरस मीटरवर जवळपास १ किलोवॅट इतके ऊन पडते. १० बाय १२ फुटांच्या खोलीचे छत सुमारे ११ चौरस मीटरचे असते. म्हणजे त्या एका खोलीच्या डोक्यावर भरदुपारी १ किलोवॅटचे दहा-अकरा हीटर चालू असतात. राखाडी, काळवंडलेला स्लॅब त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक भाग शोषून घेतो. पाच इंच जाडीच्या त्या स्लॅबचे वजन साधारण ३,४०० किलो भरते. तो १५ अंशांनी तापला, तर त्यात साडेबारा युनिट विजेइतकी उष्णता साठते. ही उष्णता खाली उतरायला चार-पाच तास लागतात. दुपारी एक वाजता पडलेले ऊन संध्याकाळी पाच-सहाला खोलीत पोहोचते आणि मध्यरात्रीपर्यंत येतच राहते. बाहेर गार वारा सुटलेला असतो, गल्लीत लोक गप्पा मारत बसलेले असतात आणि आत पंखा गरम हवा फेकत असतो. पंख्याचा दोष नसतो. तो छताला चिकटलेली तापलेली हवा ओढून खाली ढकलतो, एवढेच.

डॉक्टरांना रात्रीची जास्त काळजी वाटते, ती यामुळे. माणसाला झोप लागायच्या सुमारास शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. त्वचेतून उष्णता बाहेर जाते, हृदयाचा वेग कमी होतो, दिवसभर गेलेले पाणी भरून निघते. त्वचेचे तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास असते. खोलीतली हवा आणि वरचे छत याहून गरम असले, तर उष्णता उलट शरीरात शिरू लागते आणि घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. हृदय रात्रभर त्वचेकडे रक्त पंप करत राहते. तरुण माणूस सकाळी चिडचिडा होऊन उठतो. हृदय आधीच थकलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तिसऱ्या-चौथ्या रात्री गाडी घसरते. हवामान खातेही आता दुपारच्या तापमानाबरोबर ‘उष्ण रात्री’चा इशारा देते.

आपल्या वाडवडिलांनी ही गोष्ट किलोवॅटमध्ये मोजली नव्हती, पण ती त्यांना ठाऊक होती. मराठवाडा-सोलापूरकडचे माळवद, खानदेश-विदर्भातले धाब्याचे घर म्हणजे लाकडावर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्याच्या दुपारी आत शिरले की गार वाटे आणि रात्री माणसे माळवदावर, मोकळ्या आभाळाखाली झोपत. कोकणात कौलांच्या फटींमधून तापलेली हवा आपोआप वर निघून जाई. मात्र जुने सगळे चांगले, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवच्या भूकंपात याच जड छतांनी आणि दगडी भिंतींनी हजारो माणसांना झोपेत गाडले. छत थंड हवे आणि ते हलकेही हवे, ही आपली खरी गरज आहे.

हलक्या उष्णतारोधकाचे तत्त्व रस्त्यावरच्या बर्फवाल्याकडे पाहून कळते. बर्फाची लादी तो भुशात आणि गोणपाटात गुंडाळतो. भुसा बर्फाला थंड करत नाही. तो बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, कारण त्याच्या कणाकणांत हवा अडकलेली असते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. थर्माकोल, पफ, काचेची लोकर म्हणजे ग्लासवूल, सगळीकडे काम करते ती अशीच अडकलेली हवा किंवा वायू. काँक्रीटमधून उष्णता जितकी सहज वाहते, त्याच्या जवळपास चाळिसाव्या हिश्शाने ती थर्माकोलमधून वाहते. दोन इंच थर्माकोल उष्णता अडवण्यात सात फूट काँक्रीटची बरोबरी करतो, हे ऐकून अनेक गवंडी हसतात. पण हिशेब बरोबर आहे.

तरीही दुकानात जाऊन ‘चांगले इन्सुलेशन द्या’ म्हणणे, हे औषधाच्या दुकानात ‘चांगली गोळी द्या’ म्हणण्यासारखे आहे. आधी निदान करावे लागते. रात्री नऊ-दहाच्या सुमारास स्टुलावर उभे राहून, पंख्यापासून लांब, तळहात छताजवळ न्यावा. मग तोच तळहात पश्चिमेच्या भिंतीजवळ आणि नंतर आतल्या भिंतीजवळ धरावा. धग कुठून येते, ते लगेच कळते. कोरोनाच्या काळात कपाळावर रोखायला घेतलेली थर्मामीटरची ‘बंदूक’ कपाटात पडून असेल आणि तिच्यात पृष्ठभाग मोजण्याची सोय असेल, तर आकडाच मिळेल. छत आतल्या भिंतीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम निघाले, तर खर्च छतावर करायचा. चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला छताचा उपचार उपयोगाचा नाही. त्याची धग पश्चिमेच्या भिंतीतून आणि खिडकीतून येते. तिथे बाहेरच्या बाजूने सावली हवी: छज्जा, चिकाचा पडदा, झाड. आतून लावलेला जाड पडदा ऊन आत आल्यावर ते अडवतो, म्हणून तो कमी पडतो.

स्लॅबचे घर

स्लॅबच्या बाबतीत पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि बरेच लोक तो सोडून थेट महागड्याकडे जातात. गच्ची पांढरी करणे. ताज्या पांढऱ्या रंगावर पडलेल्या उन्हापैकी बहुतांश ऊन परत जाते. स्लॅब तापतच नाही, त्यामुळे उष्णता अडवण्याचा प्रश्नच कमी होतो. अशा छतांखाली खोलीचे तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरल्याची मोजमापे आहेत. ४२ चे ३८ झाले, यात काय मोठे, असे वाटू शकते. पण आजारी माणसासाठी त्या चार अंशांत कधी कधी घर आणि अतिदक्षता विभाग एवढे अंतर असते. साधी चुन्याची सफेदी पहिल्या पावसाळ्यात बरीच धुऊन जाते, ती दरवर्षी करावी लागते. ‘कूल रूफ’ म्हणून मिळणारे रंग काही वर्षे टिकतात. ते घेताना डब्यावर ‘एसआरआय’ हा आकडा पाहावा. प्रमाणित काळ्या रंगाला शून्य आणि प्रमाणित पांढऱ्याला १०० धरून तो काढलेला असतो. जितका जास्त तितका बरा. धुळीने पांढरेपणा उतरतो, म्हणून एप्रिलमध्ये एकदा गच्ची झाडून-पुसून घ्यावी. चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या चकचकीत फरशीचे तुकडे बसवलेली गच्ची, हेच काम वर्षानुवर्षे करते.

त्यानंतर सावली. शेतातल्या शेडनेटसाठी मिळणारी हिरवी जाळी गच्चीवर सहा-सात फूट उंचीवर ताणली, की खालून वारा वाहतो आणि स्लॅबवर ऊन कमी पडते. जाळी थेट स्लॅबवर अंथरणारेही असतात. त्याचा फायदा थोडाच. छतावर सौर पॅनेल बसवायचे ठरलेच असेल, तर त्यांची सावली फुकट मिळते. गच्चीवर पाणी सोडणे, ओली गोणपाटे टाकणे हेही चालते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता निघून जाते. मात्र टँकरच्या गावात हा सल्ला कोण देणार? आणि पाणी साचून राहिले, तर आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची नवी पिढी तयार होते. एका विभागातला रुग्ण दुसऱ्या विभागात पाठवण्यासारखेच ते.

खरा उष्णतारोधक थर बसवायचा असेल, तर तो स्लॅबच्या वर की खाली, हा निर्णय वस्तूच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा आहे. वर बसवला, तर ऊन स्लॅबपर्यंत पोहोचत नाही आणि तो तीन-साडेतीन टनांचा दगड दिवसभर गार राहून खोलीला गारवा देतो. खाली, म्हणजे आतून बसवला, तर स्लॅब पूर्वीसारखाच तापतो, फुगतो-आकसतो, त्याला भेगा पडतात आणि पावसाळ्यात गळती लागते. आतून फॉल्स सीलिंगला अर्थ आहे तो दोन ठिकाणी: वरची गच्ची आपल्या मालकीची नसेल तेव्हा, आणि खोली फक्त काही तास एसी लावून वापरायची असेल तेव्हा.

गच्चीवर घालायच्या थरासाठी सहसा ‘एक्सपीएस’ या घट्ट फोमचे दीड-दोन इंचांचे तक्ते वापरतात. ते पाणी फारसे पीत नाहीत आणि वरून चालले तरी दबत नाहीत. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल त्याच जातीचा असला, तरी तो हलका आणि ठिसूळ असतो. गच्चीसाठी घ्यायचाच झाला, तर जास्त घनतेचा घ्यावा लागतो. आधी गळती बंद करायची, मग वॉटरप्रूफिंग, त्यावर तक्ते, त्यावर जाळी घालून सिमेंटचा पातळ थर आणि शेवटी पांढरी फरशी. ठेकेदार बहुतेकदा ‘कोबा करून टाकू, गारही राहील’ असे सांगतात. विटांच्या तुकड्यांचा चार-पाच इंच कोबा पाणी अडवण्यासाठी ठीक आहे, पण उष्णता अडवण्यात दोन इंच एक्सपीएस त्याच्या सुमारे दहापट सरस ठरतो. शिवाय कोब्याचे वजन चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जाते. आपल्या त्या १० बाय १२ च्या खोलीवर दोन टनांहून अधिक भार चढतो. जुन्या इमारतीवर, आधीच्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारलेच पाहिजे.

पत्र्याचे घर

पत्र्याचे शास्त्र वेगळे आहे. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. त्यात उष्णता साठत नाही, पण अडतही नाही. सकाळी नऊला तापायला लागतो, दुपारी ६०-६५ अंशांवर जातो आणि खालच्या माणसावर शेकोटीसारखी धग सोडतो. सूर्य मावळल्यावर मात्र तो लवकर निवतो. हिवाळ्यात पहाटे त्यावर दव जमते, ते त्यामुळेच. म्हणजे स्लॅबच्या घरात रात्र जड जाते, तर पत्र्याच्या घरात दुपार. दुपारी घरी कोण असते? बाळंतीण, तान्हे मूल, आजारी माणूस, घरात शिवणकाम किंवा पापड-लोणच्याचे काम करणाऱ्या बायका.

त्यात झोळीची एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बाळाची झोळी आढ्याला टांगलेली असते. गरम हवा वर चढते, त्यामुळे झोळी जितकी उंच, तितके बाळ अधिक तापलेल्या हवेत. त्यात बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलेले. ताप आला म्हणून बाळाला दवाखान्यात आणतात आणि बालरोग विभागात दुपटे सोडून, अंगावर पाणी फिरवून, दूध पाजल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ताप उतरतो, असे उन्हाळ्यात घडते. (अर्थात, तान्ह्या बाळाचा ताप घरीच ‘उन्हाचा’ ठरवून बसू नये.) मुंबईच्या वस्त्यांमध्ये खाली एक खोली आणि वर पत्र्याखाली पोटमाळा असतो. त्या पोटमाळ्यावर मुले अभ्यास करतात, रात्रपाळी केलेला माणूस दिवसा झोपतो. त्याच्या नाकापासून पत्रा दोन-तीन फुटांवर असतो.

पत्र्यासाठी पहिले काम तेच: वरून पांढरा रंग. नवा पत्रा चकाकतो, म्हणून तो थंड राहील असे वाटते. पण चकाकणारा धातू शोषलेली उष्णता आकाशाकडे सहज परत सोडत नाही. पांढरा रंग दोन्ही कामे करतो. दुसरे काम, पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून एक आडोसा उभा करणे. बुडबुड्यांचा प्लास्टिकचा थर आणि त्यावर चांदीसारखा कागद, असे रोल बाजारात मिळतात. हा चकचकीत कागद बसवताना दोन चुका हमखास होतात. तो पत्र्याला चिकटवला जातो, आणि पोकळी नसेल तर त्याच्या चकाकीचा उपयोग शून्य होतो. किंवा एकाच बाजूला चकाकी असलेला कागद चकाकी वर करून बसवतात. चार महिन्यांत त्यावर धूळ बसते आणि काम थांबते. चकाकणारी बाजू खाली, पोकळीकडे तोंड करून हवी. पोकळीतल्या गरम हवेला दोन्ही टोकांना बाहेर जायला वाट ठेवावी.

नव्याने बांधणाऱ्यांना ‘पफ पॅनेल’ हा पर्याय आहे: दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला. महाग आहे, पण वजनाला हलका आणि उष्णता अडवण्यात उत्तम. ज्यांना यातले काहीच परवडत नाही, त्यांनी पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून जुन्या सुती चादरी किंवा धोतरे ताणली, तरी धग बरीच कमी होते. विदर्भात पत्र्यावर तुराट्या-पराट्या, कडबा टाकण्याची जुनी रीत आहे. सावली मिळते, हे खरे. पण खाली चूल आणि वर वाळका कडबा, हे उन्हाळ्याच्या वाऱ्यात भलतेच धोक्याचे. घरे पेटली की पहिल्यांदा तीच सापडतात जी माणसे उठून पळू शकत नाहीत. कापडी छतही चुलीच्या, गॅसच्या आणि उघड्या वायरींच्या वर कधी नसावे.

आगीचा हाच मुद्दा फोमला लागू होतो. थर्माकोल पेटतो, वितळून थेंब-थेंब खाली गळतो आणि काळा दाट धूर सोडतो. पफच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. आगीत भाजण्याआधीच माणूस धुराने बेशुद्ध पडतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ च्या जूनमध्ये लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. ती आग इमारतीवर नव्याने चढवलेल्या ज्वलनशील आवरणातून वर पसरली होती आणि त्या आवरणामागे प्लास्टिक फोमचा उष्णतारोधक थर होता. म्हणून फोम स्लॅबच्या वर, सिमेंटखाली बंद असेल तर चिंता कमी. घराच्या आत उघडा थर्माकोल चिकटवणे, देवघरावर किंवा स्वयंपाकघरात तर विशेषच, टाळावे. त्यावर जिप्सम बोर्डसारखे न पेटणारे आच्छादन हवे. शिवाय ७५-८० अंशांच्या पुढे थर्माकोल आकसू लागतो, त्यामुळे तापत्या पत्र्याला तो थेट लावणे तसेही फुकटच.

ग्लासवूल आणि रॉकवूल पेटत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. ते कर्करोगकारक आहेत, अशी भीती बऱ्याच जणांना असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये पुरावा पुन्हा तपासला आणि इमारतींत वापरल्या जाणाऱ्या साध्या ग्लासवूल-रॉकवूलला संशयितांच्या यादीतून खाली आणले. त्रास होतो तो बसवताना: त्वचेला खाज, डोळ्यांत चुरचुर, खोकला. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा एवढे हवे. आणि गळक्या छताखाली ही लोकर कधीच नको. ती पाणी धरून ठेवते, मग उष्णता अडवत नाही, आणि तिथे वाढलेली बुरशी दम्याच्या रुग्णाला पावसाळाभर छळते.

एका पत्र्याबद्दल मात्र कडकपणे बोलले पाहिजे: जुना सिमेंटचा पत्रा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. साठहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. भारतात ते आयात होते आणि छतांच्या पत्र्यांत वापरले जाते. त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, यात वैद्यकशास्त्राला शंका नाही. तंतू श्वासातून फुप्फुसात गेल्यावर फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग दिसायला वीस ते चाळीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची गाठ रुग्णाच्या मनात पडतच नाही. धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. अखंड पत्रा शांतपणे डोक्यावर असताना धोका कमी असतो. तो कापताना, भोके पाडताना, घासताना, फोडताना वाढतो. आणि छत गार करण्याच्या नादात लोक नेमके हेच करतात: फॉल्स सीलिंगसाठी ड्रिल मारतात, रंग धरावा म्हणून तारेच्या ब्रशने घासतात. असा पत्रा फक्त पाण्याने हलकेच धुवावा आणि वरून पांढरा रंग द्यावा; पत्र्यावर पाय देऊ नये, तो एकाएकी फुटतो आणि माणूस खाली येतो. फुटका तुकडा चुलीचा आडोसा किंवा शेळ्यांचा निवारा म्हणून वापरू नये. नवे घेताना अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असल्याचे बिलावर लिहून मागावे.

छत कितीही उत्तम केले, तरी घरात उष्णता तयार होतच असते. स्वस्थ बसलेला एक माणूस साधारण ८० ते १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता सोडतो. त्यात फ्रिज, टीव्ही, स्वयंपाक. उष्णतारोधक थर ही उष्णता बाहेर जाण्याची वाटही बंद करतो. म्हणून दुपारी खिडक्या बंद आणि सूर्यास्तानंतर सताड उघड्या, हे वेळापत्रक पाळावे लागते. बरीच घरे रात्री डासांच्या आणि चोरांच्या भीतीने बंद राहतात. तिथे खिडकीला जाळी बसवणे हाच उष्माघातावरचा इलाज ठरतो. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे घाम वाळत नाही. तिथेही वरच्या मजल्याचे छत पांढरे हवेच, पण पुढचा पैसा जाड थरापेक्षा आरपार वाऱ्यावर खर्च केलेला बरा.

पैसे कमी आणि खोल्या अनेक असतील, तर सगळे घर एकदम करण्याचा हट्ट नको. ज्या खोलीत सर्वांत अशक्त माणूस झोपतो, तिच्यावरचा भाग आधी करावा. पुष्कळ घरांत ‘शांतता असते’ म्हणून आजी-आजोबांची खाट वरच्या मजल्यावर टाकलेली असते. मार्च ते जून ती खाली आणावी. याला खर्च नाही. आणि उन्हाळ्यात कुणी घरातल्या घरात तापून बडबडू लागले, झोक जाऊ लागला, तर पाणी पाजण्याच्या खटपटीत न पडता १०८ ला फोन करावा, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी शिंपडून वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतले, तर ते फुप्फुसात जाते.

सफेदीसाठी चांगला काळ होळीच्या आसपासचा. स्लॅब कोरडा असतो आणि पुढे तीन महिने उपयोग मिळतो. काम सकाळी दहाच्या आत संपवावे. कळीचा चुना भिजवताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून मुलांना लांब ठेवून, साधा चष्मा का होईना पण डोळ्यांवर लावूनच तो भिजवावा. चुना डोळ्यात उडालाच, तर आधी रुग्णालयाकडे धावायचे नाही. पापण्या उघड्या धरून नळाच्या स्वच्छ पाण्याखाली डोळा निदान पंधरा-वीस मिनिटे सतत धुवायचा, कण काढून टाकायचे, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे.